वर्गातला खेळ आणि कामगारांची मुले

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा यंत्रमाग कामगारांचा भविष्य निर्वाह निधी असे काहीतरी येईल अशी त्यांची समजूत असावी. आम्ही कागदावर ‘वर्गातला खेळ’ एवढेच लिहून दिले. दुसऱ्या दिवशी एका चालकांनी फोन करून, दुसऱ्या वक्त्याची चिठ्ठी चुकून आमच्या नावावर तर आली नाही ना, अशी चौकशी केली. चिठ्ठी आमचीच होती. पंचवीस-तीस वर्षे युनियनचे काम करताना ज्या घरांत आम्ही बसलो, त्या घरांतल्या मुलांचे शाळेत काय होते हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकाच आमच्या पाठीमागे लागला आहे. आम्ही शिक्षणशास्त्राचे पदवीधर नाही. पदवीधरच नाही. सातवीत शाळा सुटली आणि पुढचे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि एस.टी.च्या प्रवासात झाले. तेव्हा पुढे जे सांगणार आहोत ते काही वाचलेले, काही पाहिलेले आणि थोडे चुकून शिकलेले असे आहे.

शाळा का सुटली ते आधी सांगतो. घरी गरिबी होती हे खरे, पण तेवढेच कारण नव्हते. पूर्वभागातल्या आमच्या गल्लीत निम्मी घरे तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही उर्दू आणि उरलेली आमच्यासारखी मराठी. संध्याकाळी गल्लीत विटीदांडूचा डाव रंगला की दांडूने अंतर मोजायचे काम आमच्याकडे असे, आणि गुणांचा हिशेब शंभराच्या पुढे गेला तरी आमची कधी चूक होत नसे. सकाळी शाळेत मात्र फळ्यावर तीच बेरीज आली की हात लटपटत. एकदा मास्तरांनी फळ्यापुढे उभे केले, गणित चुकले आणि सबंध वर्ग हसला. त्या मास्तरांचे नाव घेण्याचे कारण नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. गल्लीतला आमचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता, आणि गल्लीतला हिशेब व फळ्यावरचा हिशेब एकच आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. या दोन अज्ञानांमध्ये एका मुलाचे शिक्षण गेले. सोलापुरात अशी किती मुले गेली याची कोणी मोजदाद केलेली नाही.

खेळातून शिकवावे ही कल्पना नवी नाही. तिच्या इतिहासातला एक भाग मात्र आमच्यासारख्या माणसाला विशेष जवळचा वाटतो. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळाचे शिक्षण सुरू केले आणि पुढे त्याला ‘बालकांची बाग’ अशा अर्थाचे नाव दिले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालबागांवर बंदी घातली. ती उठली १८६० साली, आणि तोवर फ्रोबेल वारलेही होते. चेंडू आणि लाकडी ठोकळे यांनी राज्य उलथेल असे सरकारला का वाटावे? आम्हांला वाटते, सरकारची भीती अगदीच खुळी नव्हती. जे मूल नियम ठरवून खेळते ते नियम कोणी ठरवले हेही विचारू लागते. संघटना बांधणाऱ्या माणसास हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रसंग रोममधला. १९०७ सालच्या जानेवारीत सान लोरेन्झो या कामगार वस्तीत मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मुले चाळीत मोकळी राहत आणि जिने व भिंती खराब करीत, म्हणून घरे दुरुस्त करणाऱ्या कंपनीनेच मुलांना एका खोलीत सांभाळण्याची ही तजवीज केली होती. म्हणजे आज ज्या पद्धतीच्या शाळांची फी ऐकून आमच्या सभासदांना घेरी येईल, ती पद्धत चाळीच्या भिंती वाचवण्याच्या सोयीतून आणि मजुरांच्याच पोरांवर उभी राहिली. पुढे ती श्रीमंतांकडे कशी गेली हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडे मात्र तिला परत गरिबांकडे आणणाऱ्या दोन बायका झाल्या. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर नेली. विलायती लाकडी साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती हेच साहित्य झाले. आज देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ आहे. तो त्या अंगणातला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. खेळात मूल शिकते म्हणजे नेमके काय होते? याचे सर्वांत साधे उदाहरण सापशिडीच्या जातीचे आहे. २००८ साली अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी या दोघांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका ओळीत दहा घरे, त्यांत एक ते दहा आकडे. चकती फिरवायची, एक किंवा दोन येईल तितकी घरे पुढे जायचे आणि जाताना त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण घरांत आकड्यांऐवजी रंग. दोन आठवड्यांत चार वेळा, दरवेळी पंधरा-वीस मिनिटे. इतक्या थोड्या खेळाने आकड्यांच्या गटातली मुले संख्या ओळखण्यात आणि लहानमोठी ठरवण्यात पुढे गेली, आणि नऊ आठवड्यांनी पाहिले तरी ती प्रगती टिकून होती. रंगांचा गट होता तिथेच राहिला.

यातले मर्म लक्षात घ्या. दोन्ही गट सारखेच खेळले. आनंदही सारखाच झाला असेल. पण एका खेळात पुढे सरकणारे बोट, तोंडातला आकडा आणि घरातला आकडा ही तिन्ही एकत्र आली. सहा हे तीनच्या दुप्पट दूर आहे, तिथवर पोहोचायला दुप्पट वेळ लागतो, हे मुलाच्या हाताला कळले. आणखी एक बारकावा आहे. मूल पाचव्या घरावर असताना दोन पडले, तर ते ‘एक, दोन’ म्हणून सरकते की ‘सहा, सात’ म्हणून? पहिल्या रीतीने खेळ होतो, शिकणे फारसे होत नाही. शिक्षकाने तेवढीच एक सवय लावायची. घरोघरच्या सापशिडीच्या पटावर शंभर घरे छापलेली असतात आणि मुले वर्षानुवर्षे ‘एक, दोन, तीन’ म्हणून त्यांवरून उड्या मारतात. एवढे मोठे गणिताचे पुस्तक घरात असून कोणी उघडलेले नाही.

आपल्या गल्लीतल्या खेळांत असा ऐवज पुष्कळ आहे. सात सागरगोटे मांडा. एक वर उडवून तो खाली येईपर्यंत उरलेले दोन-दोन करून उचला, मग तीन-तीन करून. सहा खाली आहेत तोवर दोन्ही डाव सुटतात. आणखी एक सागरगोटा घेऊन खाली सात केले की शेवटी एक उरतो. भागाकारातली बाकी ही कागदावरची कटकट नसून हातात न आलेला सागरगोटा आहे, हे मुलीला एकदा दिसले की ती विसरत नाही. चल्लस-आठ घ्या. चार चिंचोके फोडून त्यांची आठ शकले होतात, त्यांतली चार घ्यावीत. एकेक शकल पांढऱ्या किंवा काळ्या बाजूने पडते, म्हणून एकंदर सोळा तऱ्हा. त्यांत एक पांढरे पडण्याच्या चार तऱ्हा, दोन पडण्याच्या सहा, तीन पडण्याच्या चार, आणि चारही पांढरी म्हणजे चल्लस ही एकच. सगळी काळी म्हणजे आठ, तीही एकच. चल्लस आणि आठ पडल्यावर पोरे का नाचतात याचे उत्तर यात आहे. आठवीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना नाण्यांची चित्रे दाखवण्यापेक्षा सोलापुरात चिंचोके सहज मिळतात.

धंद्यातले खेळही करता येतात. आपली चादर जॅकार्डवर निघते. तिची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, आणि त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. आम्ही मुलांना दोघा-दोघांत पाठीला पाठ लावून बसवतो. एकाजवळ मोराचे चित्र भरलेला चौकटीचा कागद, दुसऱ्याजवळ कोरा. पहिल्याने ओळीओळीने नुसते सांगायचे: तिसरी ओळ, चौथे घर भर, पाचवे सोड. शेवटी कागद जुळवायचे. मोराचे कबूतर झाले की चूक सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची यावर खरे भांडण जुंपते, आणि त्या भांडणात भूमितीतले निर्देशांक आपोआप येतात. एका मुलाने आपल्या बापाला, जो वीस वर्षे मागावर आहे, हा खेळ घरी खेळायला लावला. बाप हरला नाही, हे मुलाला फार आवडले.

आणि ज्यांना वाटते की हे सारे लहान वर्गांपुरतेच, त्यांनी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण करावे. हे देवळालीचे शाळामास्तर. आकड्यांशी खेळणे एवढाच त्यांचा नाद, आणि त्या काळच्या पुष्कळ विद्वानांनी त्याला पोरखेळच मानले. त्यांचा एक शोध आम्ही सभेतही करून दाखवतो. चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. ८७७१ वजा १७७८ म्हणजे ६९९३. मग ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता यापुढे कितीही करा, ६१७४ च येते. मार्शल लॉचे १९३० घ्या: ९३१० वजा ०१३९, ९१७१, ९७११ वजा ११७९, ८५३२, ८५३२ वजा २३५८, पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येला सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. एरवी दहा वजाबाक्या दिल्या तर कुरकुरणारी मुले आपापल्या जन्मसालावर हा खेळ करताना चाळीस वजाबाक्या करतात, आणि ज्याचे उत्तर ६१७४ येत नाही तो आपली चूक आपणच शोधतो. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिले तेव्हा जगाने कापरेकरांची दखल घेतली. देवळालीच्या वर्गातल्या मुलांना ते आधीच ठाऊक होते.

इथवर ऐकून कोणास वाटेल की खेळ आणला म्हणजे काम झाले. आम्हांलाही तसेच वाटले होते, आणि तिथे आम्ही चुकलो.

विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आम्ही युनियनच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालवत होतो. पाचसहा महिने खेळच खेळ झाले. मुले धावत येत, हजेरी भरपूर, आमची छाती फुगलेली. एक दिवस एका मुलीची आई पानाचे सूप खाली ठेवून दारात उभी राहिली. म्हणाली, “अण्णा, पोरगी घरी असती तर दोनशे विड्यांना दोरा गुंडाळून झाला असता. मी ते सोडून तिला हिथं धाडते. खेळात हुशार झाली म्हणता, मग वहीत कवा होणार?” आम्ही वही मागवली. मुलीला विचारले, पंचवीस विड्यांचा एक कट्टा, तर हजार विड्यांचे कट्टे किती? डोळा लवायच्या आत तिने चाळीस सांगितले. तोच भागाकार कागदावर मांडून दिला तर तिने पेन्सिल चावली आणि आमच्याकडे पाहिले. ती नजर आमच्या ओळखीची होती.

पुढे वाचताना कळले की हे आमच्या एकट्याच्या खोलीत घडलेले नाही. २०१७ साली दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांतल्या दीड हजारांवर मुलांबरोबर ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. संशोधकांत एस्तेर दुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्के होत्या. मुलांना अंदाजाने संख्या जोखण्याचे आणि आकार ओळखण्याचे खेळ दिले. ती जाण वाढली आणि पुष्कळ काळ टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात ती मुले इतरांच्या पुढे गेली नाहीत. २०२५ साली आणखी एक अभ्यास आला, कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा. गिऱ्हाइकाचा किचकट हिशेब ती मुले तोंडी करीत, आणि शाळेच्या रीतीने मांडलेले सोपे गणित त्यांना येत नसे. शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलट. गल्ली आणि फळा यांच्यामध्ये पूल आपोआप पडत नाही. तो कोणीतरी बांधावा लागतो, आणि ते कोणीतरी म्हणजे शिक्षक.

तेव्हापासून आमच्या वर्गात खेळ अर्धा तास आणि लगेच वही पंधरा मिनिटे. जो डाव आत्ताच झाला तोच लिहायचा. सागरगोट्यांचा भागाकार, चिंचोक्यांचा तक्ता, विड्यांच्या कट्ट्यांची उदाहरणे. डाव आठवत असतो तोवरच चिन्हाला अर्थ चिकटतो, उद्यावर टाकले की सुटतो. ही पंधरा मिनिटे मुलांना आवडतात असे आम्ही म्हणणार नाही. मोजके आवडीचे, मोजके नावडीचे, असे चालले आहे.

दुसरी एक गोष्ट शिक्षक मंडळींना हात जोडून सांगावयाची आहे. वर्गात जे खेळ सहज सुचतात त्यांत बाद होण्याचे खेळ फार. उत्तर चुकले की बाहेर बसा. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त तो सर्वांत आधी बाहेर, आणि ज्याला सर्व येते तो शेवटपर्यंत आत. ही तर कामगारकपातीची रीत झाली. गल्लीतल्या मुलांनी याहून शहाणी तोड कधीच काढून ठेवली आहे. लहानग्या भावंडाला ती ‘लिंबूटिंबू’ करतात. तो खेळतो, धावतो, पण बाद होत नाही, आणि हळूहळू पक्का भिडू होतो. वर्गातल्या खेळातही लिंबूटिंबूला जागा हवी. चुकलेल्याला एक डाव जादा मिळावा, गुण एकट्याचे न धरता जोडीचे धरावेत, आणि फाशाचा किंवा चिंचोक्याचा थोडा नशिबाचा भाग असावा, म्हणजे हुशार मुलगाही अधूनमधून हरतो. राज्य आलेल्यानेच धावायचे, हा खेळातला नियम तर आम्हांला इतका आवडतो की तो वर्गाबाहेरही लागू व्हावा असे वाटते. पण ते असो.

सरकारी पातळीवर आता खेळाला मान मिळाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाची साहित्याची पेटीही निघाली. आपल्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून गाणी आणि गोष्टी मुलांपर्यंत नेण्याचे त्यांचे काम सर्वांस माहीत आहे, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली हेही आम्ही कामगारांच्या सभांतून सांगतो. पण पेटी आली की ती कपाटात जाते आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येते, असेही आम्ही एका शाळेत पाहिले. शिक्षिकेची चूक म्हणावी तर तुटलेल्या सोंगट्यांचा हिशेब तिलाच द्यावा लागणार होता. चिंचोके हरवले तर कोणी जाब विचारत नाही.

भाषेचा प्रश्न राहिला. मराठी शाळेत बसलेले तेलुगू घरातले मूल पहिली दोन वर्षे बहुतेक गप्पच असते. विटीदांडू खेळताना मराठी मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजतात आणि हे शब्द कुठले हे कोणालाच ठाऊक नसते. ते दक्षिणेचे आहेत. तेलुगूत ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आमच्या वर्गात महिनाभर तोंड न उघडलेला एक मुलगा होता. डाव चालू असताना पोरे ‘नाल’पर्यंत आली आणि पुढच्या शब्दावरून भांडू लागली, कारण पुढे प्रत्येक गल्लीचे शब्द वेगळे. हा मुलगा भिंतीजवळून म्हणाला, “ऐदू, आरू, एडू.” सगळे त्याच्याकडे वळले. त्या संध्याकाळी वहीत आम्ही आकडे दोन रांगांत लिहिले, एक मराठीची आणि एक तेलुगूची, आणि दुसरी रांग फळ्यावर त्याने लिहून दिली. अक्षर वाईट होते. आठच्या पुढे आम्हांलाही त्यालाच विचारावे लागले.